काचेच्या ओसरीसाठी लाकूड निवडताना: आखाजीलाही बसेल, पोळ्यालाही उघडेल अशी चौकट

खानदेशात काचेची ओसरी बांधायला निघालेला माणूस वखारीत जाऊन बहुधा एकच प्रश्न विचारतो: साग काय भाव? भाव कळतो, लाकूड घरी येतं, पोळ्याच्या सुमारास झडपा फुगून अडकतात आणि पुढच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्याच झडपांच्या कडेने बाहेरचा रस्ता दिसू लागतो. दोष सुताराच्या माथी जातो. पण बहुतेक वेळा चूक लाकूड घेतानाच झालेली असते. जात विचारली, पण ते किती वाळलंय, ओंडक्यातून कसं कापलंय आणि कुठल्या जागी बसणार आहे, हे विचारलंच नाही.

आधी जागा ठरवा

विलायतेत काचेच्या खोलीचे दोन प्रकार आहेत. कॉन्झर्व्हेटरीत भिंती आणि छप्पर बहुतेक काचेचंच असतं. ऑरेंजरीत विटा-दगडांचे भक्कम खांब, मध्ये उंच खिडक्या आणि बरंचसं भरीव छप्पर असतं. व्हर्सायच्या राजवाड्यातली १६८४ ते १६८६ या काळात बांधलेली ऑरेंजरी हिवाळ्यात संत्र्याच्या कुंड्या आत ठेवण्यासाठी होती. ऊन आत कोंडून धरणं हाच तिचा उपयोग. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तिथे ऊन कोंडणारी खोली म्हणजे भट्टी. म्हणून इथे ऑरेंजरीचा फक्त भरीव छपराचा नमुना घ्यावा, ऊन कोंडण्याचा हेतू नाही: दोन फुटांची विटांची बुटकी भिंत, तिच्यावर लाकडी चौकटी आणि काच, वर भरीव छप्पर, आणि त्याची पागोळी भिंतीपासून निदान दोन फूट बाहेर. ही दोन फुटांची पागोळी लाकडाचं आयुष्य जेवढं वाढवते, तेवढं कुठलंही महागडं पॉलिश वाढवत नाही.

दिशा उत्तर किंवा पूर्व. खानदेश २१ अंश अक्षांशावर असल्याने मेच्या अखेरीस दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, त्या वेळी भरीव छप्पर पुरेसं असतं. पश्चिमेचं तिरपं ऊन मात्र छपराखालून थेट चौकटीवर येतं. पश्चिमेशिवाय जागाच नसेल तर बाहेरून चिक किंवा जाळीची सोय धरूनच खर्च काढा.

तापीकाठच्या काळ्या मातीत आणखी एक अडचण आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. बुटक्या भिंतीचा पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर भिंत हलते, चौकट तिरकी होते आणि काच कोपऱ्यातून तडकते. तिथे लाकूड कितीही उंची असलं तरी उपयोग नाही.

इथली हवा लाकडाचं काय करते

लाकूड कितीही जुनं झालं तरी हवेतली ओल घेतं आणि सोडतं. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात सावलीतल्या लाकडाची ओल ६-७ टक्क्यांपर्यंत उतरते. श्रावणात तीच १५-१६ टक्क्यांवर जाते. म्हणजे वर्षाकाठी नऊ टक्क्यांची ये-जा. किनाऱ्यालगत हवा वर्षभर दमट असल्याने हा फरक इतका मोठा नसतो, त्यामुळे मुंबईच्या सुताराचा अंदाज धुळ्यात चुकतो.

आता हिशोब. सागाची फळी तिच्या वर्षवलयांच्या दिशेने, म्हणजे स्पर्शरेषेत, ओलीच्या दर टक्क्याला साधारण ०.१८ टक्के हलते. नऊ टक्क्यांना झाले १.६ टक्के. सहा इंच, म्हणजे १५० मिलिमीटर रुंदीची फळी आखाजी ते पोळा जवळजवळ अडीच मिलिमीटर वाढते. तीच फळी ओंडक्याच्या मध्यातून बाहेर, त्रिज्येच्या दिशेने कापलेली असेल तर वाढ निम्मी. लांबीत वाढ नगण्य. ऐन, बाभूळ, निलगिरी यांची हालचाल सागाहून बरीच जास्त. सागाला मान आहे तो मजबुतीपेक्षा या कमी हालचालीमुळे. ताकदीत त्याला मागे टाकणारी झाडं सातपुड्यात भरपूर आहेत.

कोणतं झाड कुठे

साग. चौकट, झडपा, काच धरून ठेवणारी काचपट्टी, उंबरा, सगळीकडे चालतो, पण फक्त गाभा. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या कसोटीत ६० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर चौरस दांडके अर्धे जमिनीत पुरून ठेवतात. सरासरी १२० महिने किंवा जास्त टिकणारं लाकूड पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने दुसऱ्या, त्याखालचं तिसऱ्या. सागाचा गाभा पहिल्या वर्गात बसतो. त्याच सागाचं बाहेरचं पांढरट लाकूड, ज्याला सुतार सॅप म्हणतात, टिकाऊ धरण्यासारखं नाही. किडा आणि वाळवी तिथूनच आत शिरतात. म्हणून ‘साग आहे ना’ हा प्रश्न अर्धवट आहे. ‘सॅप किती आहे’ हे विचारा, आणि चारही कोपऱ्यांवर स्वतः बघा.

बाजारात साग तीन-चार नावांनी येतो: चंद्रपूर-गडचिरोलीकडचा सीपी (जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा) साग, नवापूरच्या हद्दीला लागून असलेल्या डांगचा डांगी साग, बर्मा साग, आणि आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतून येणारा लागवडीचा साग. शेवटच्या प्रकारात बारीक घेराचे ओंडके जास्त, त्यामुळे सॅप जास्त आणि गाभाही कोवळा. खोलीच्या आतल्या कपाटाला तो ठीक, बाहेरच्या उंबऱ्याला नको. बांधावर लावलेल्या १५-२० वर्षांच्या घरच्या सागाचीही हीच गत. भावनेपोटी तो वापरायचा असेल तर छपराखालच्या आतल्या पट्ट्यांना वापरा.

शिसव. टिकाऊपणात सागाच्या तोडीचं, वजनाने जड, दिसायला सुंदर आणि खिशाला न परवडणारं. एवढ्या मोठ्या कामात शिसव घालणं म्हणजे पैठणीचं पोतेरं. दाराची मूठ, कठड्याचा वरचा हात एवढ्यापुरतं पुरे.

अंजन. खानदेशच्या कोरड्या टेकड्यांवरचं अस्सल झाड, पाला गुरांना, खोड घराला. घनमीटरला हजार किलोच्या आसपास वजन, गाभा गर्द तांबूस-काळपट. खांब, तळाचा ठोकळा, पायऱ्यांवरचा उंबरा यासाठी उत्तम. झडपेसाठी नको, कारण बिजागऱ्या लोंबकळतील. आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू लावला तर एक तर स्क्रूचं डोकं तुटतं, नाही तर लाकूड चिरतं. रंध्याची धार दर अर्ध्या तासाला जाते, तेव्हा सुताराची मजुरी जास्त धरा.

ऐन. मगरीच्या पाठीसारखी साल, त्यावरून उभं झाडही ओळखू येतं. तुळई आणि वाशांना चांगलं. काचेच्या झडपेला मात्र देऊ नये: वाळताना पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात आणि पीळ धरतो. स्वस्त म्हणून चौकटीला घेतलाच तर ४ × ३ इंचांपेक्षा मोठा तुकडा घेऊ नका आणि आधी वर्षभर वाळवा.

बिवळा, म्हणजे बीजा. मधुमेहासाठी ज्याचे पेले विकतात तेच झाड. टिकाऊ, मजबूत, हालचाल सागाहून थोडी जास्त. एक खोड मोठी आहे. पाण्यात त्याचा रंग सुटतो. पहिल्या दोन पावसाळ्यांत चौकटीखालची फरशी आणि चुन्याची भिंत पिवळसर-तपकिरी ओघळांनी भरते. तेल किंवा रंग नीट मुरल्यावरच बिवळा बाहेर बसवावा.

बाभूळ बैलगाडीच्या चाकाला शतकानुशतकं पुरलेली आहे. सरळ लांब तुकडा मिळत नाही म्हणून तिची चौकट होत नाही, पण सांध्यातल्या मेखा आणि पाचरी बाभळीच्याच करा.

कडुनिंबाला वाळवी लागत नाही ही समजूत अर्धी खरी. गाभ्याला कमी लागते, पांढऱ्याला लागते. तंतू आडवेतिडवे असल्याने वाकतो. शिवण हलकी आणि फारशी न वाकणारी, आतल्या झडपांना चांगली. मात्र रंग चढवून ती साग म्हणून खपवली जाते, तेव्हा नावापेक्षा तुकडा पाहा. आंबा, निलगिरी आणि सुबाभूळ या कामात अजिबात नकोत.

आयात मालाच्या पत्रकात युरोपी वर्ग दिसला तर तो १ ते ५ असा असतो, १ सर्वांत टिकाऊ. साग १, ओक २, आयरोको १ ते २, सापेले ३. बाहेरच्या कामाला तिसऱ्या वर्गाखाली जाऊ नका. ‘मलेशियन साल’ या एका नावाखाली निरनिराळ्या जाती विकल्या जातात. त्यातलं लाकूड घ्यायचं तर प्रत्येक नग स्वतः निवडून घ्या, फोनवर सांगून मागवू नका.

वखारीत साग ओळखणे

टोकाकडून पाव इंचाची चकती कापून घ्या. ताजा काप बोटाला मेणचट लागतो आणि त्याला जुन्या चामड्यासारखा वास येतो. पाण्याचा थेंब टाकला तर गाभ्यावर तो काही वेळ तसाच गोल राहतो. दहापट भिंगातून पाहिल्यास प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक रांग दिसते, पुढे छिद्रं बारीक होत जातात. अशी रांग न दिसता छिद्रं सगळीकडे सारखी विखुरलेली असतील तर ते दुसरंच काही आहे. रंग चढवलेला असेल तर रंध्याच्या दोन हातांत खालचं लाकूड उघडं पडतं. रंधा मारू द्यायला नकार देणाऱ्या वखारीतून निघून या.

मग दोष. सुईच्या टोकाएवढी भोकं आणि त्याखाली मैद्यासारखा भुसा म्हणजे सॅपमध्ये किडा चालू आहे. नखाएवढी घट्ट गाठ चालते, सैल गाठ नाही, आणि काचपट्टीच्या तुकड्यात एकही गाठ नको. फळी डोळ्याजवळ धरून लांबीत बघा. बाक असेल तर रंध्याने निघतो, पीळ निघत नाही. टोकाच्या चिरा दोन इंचांपर्यंत असतील तर तेवढं माप वजा करून पैसे द्या. ओंडक्याचा अगदी मधला भाग, म्हणजे गराचं ठिपकं, ज्या तुकड्यात आलंय तो तुकडा हमखास चिरतो.

बिलावर जात, घनफूट आणि वाहतूक परवान्याचा उल्लेख मागा. वनखात्याच्या आगारातून लिलावात घेतलेल्या मालावर शिक्का असतो. कोणाच्या शेतातला साग परस्पर स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. सागाची तोड आणि वाहतूक यांना परवानगी लागते, आणि नाक्यावर गाडी अडली तर घेणाऱ्यालाही जाब द्यावा लागतो.

जुन्या घराचा साग

धाब्याची घरं आणि वाडे पाडले जातात तेव्हा खांब, तुळया, कडीपाट निघतात. काचेच्या ओसरीसाठी यापेक्षा चांगलं लाकूड खानदेशात क्वचित मिळेल. पन्नास-साठ उन्हाळे खाऊन ते स्थिर झालेलं असतं आणि वलयं दाट असतात. घेताना मातीला टेकलेली खांबाची तळाची टोकं आणि भिंतीत गाडलेली तुळईची टोकं फूट-फूटभर कापून टाकायची या हिशोबानेच भाव करा. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा, पाव इंचापेक्षा जास्त घुसलं तर आतून पोकळ आहे. एका मोठ्या तुळईतून चार चौकटी निघतील हा अंदाज नेहमी जास्तच ठरतो, कारण कड्यांसाठी पाडलेली भोकं आणि लोखंडी खिळे वाटेत येतात. चुंबक फिरवून खिळे खडूने खुणवा. खिळा चुकून राहिला तर सॉ मिलवाल्याचा पट्टा तुटतो, त्याचे पैसे तुमच्याकडूनच घेतले जातात आणि यात त्याचं काही चुकत नाही.

जुनं लाकूड कापल्यावर लगेच जोडू नका. आतला भाग पहिल्यांदाच उघड्या हवेला आलेला असतो. तीन-चार आठवडे ढिगात राहू द्या, मग रंधा.

ओल मोजा, अंदाज नको

आयएस २८७ हे भारतीय मानक देशाच्या हवामानाप्रमाणे लाकडात किती ओल चालेल ते ठरवतं. खानदेशातल्या काचेच्या कामासाठी १० ते १२ टक्के धरा, म्हणजे वर्षभराच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या मधोमध. सहा टक्क्यांचं लाकूड पावसाळ्यात फुगून अडकेल, अठराचं उन्हाळ्यात आटून चिरेल.

दोन सुयांचं ओलमापक यंत्र सुताराकडे नसेल तर विकत घ्या. एका चौकटीच्या किमतीपुढे ते काहीच नाही. फळीच्या टोकाला सुया खुपसल्या तर आकडा खोटा कमी येतो. टोकापासून फूटभर आत कापून, ताज्या कापाच्या मध्यावर, तीन नगांवर मोजा. यंत्र नसेल तर स्वयंपाकघरातला ओव्हन आणि अचूक काटा पुरेसा आहे. तुकडा तोला, १०३ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा, पुन्हा तोला. १२४ ग्रॅमचा तुकडा ११२ ग्रॅम झाला तर गेलेले १२ भागिले कोरडे ११२, म्हणजे १०.७ टक्के. भागाकार कोरड्या वजनाने करायचा. ओल्या वजनाने केला तर आकडा कमी दिसतो आणि लाकूड वाळलंय असं वाटतं.

ओलं लाकूड घरी वाळवायचं असेल तर दिवाळीनंतर सुरू करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची हवा कोरडी पण सौम्य असते. एप्रिलमध्ये ताजी चिरलेली फळी उघड्यावर टाकली तर आठवड्यात तिची टोकं फाटतात: बाहेरचा थर आटतो, आतला ओला असल्याने आटत नाही, आणि बाहेरच्याला फाटण्यावाचून मार्ग राहत नाही. ढीग जमिनीपासून दीड फूट उंच ओट्यावर, छपराखाली, वाऱ्याच्या वाटेत लावा. प्रत्येक थरात इंच-इंचाच्या कोरड्या पट्ट्या दीड ते दोन फुटांवर टाका आणि वरची पट्टी बरोबर खालच्या पट्टीवरच येऊ द्या, नाही तर फळ्या लाटेसारख्या होतात. टोकांना मेण किंवा जाड ऑइल पेंट फासा. वर दगड ठेवा. इंचभर जाडीला तीन-चार महिने आणि तीन इंचाच्या चौकटीला वर्ष धरून चला. एवढी सवड नसेल तर भट्टीत वाळवलेलं घ्या, पण आल्यावर ओल मोजाच.

कापणी सांगून करून घ्या

सॉ मिलमध्ये ओंडका एका बाजूने सरळ चिरत जाणं सोपं आणि नासाडी कमी. अशा फळ्यांवर डोंगरासारखी नक्षी दिसते, गिऱ्हाइकाला आवडते, आणि त्याच जास्त हलतात. झडपांच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांसाठी टोकाला बघून ज्यांची वलयं रुंद बाजूला काटकोनात उभी आहेत असे नग वेगळे काढा. सगळं लाकूड असं मिळणार नाही, मिळालं तर परवडणार नाही. झडपांना ते, चौकटींना उरलेलं, ही वाटणी पुरते.

किती लाकूड लागेल

बारा फूट लांब, आठ फूट रुंद, एक बाजू घराला चिकटलेली ओसरी घेऊ. दोन फुटांच्या भिंतीवर सहा फुटांचं लाकूडकाम. समोर चार-चार फुटांचे तीन गाळे, दोन्ही बाजूंना दोन-दोन, एकूण सात. घनफूट काढायचं सूत्र: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४.

सहा फुटांचे ४ × ३ इंची आठ खांब म्हणजे ४ घनफूट. खालचा आडवा, ५ × ३ इंच, सांधे धरून ३० फूट: ३.१. वरची तुळई तितकीच: ३.१. दारासह चार गाळ्यांना दोन-दोन झडपा, ३ × दीड इंची पट्टीच्या: साधारण ४. काचपट्ट्या ०.७. बेरीज १५ घनफूट. रंधा, टोकं, सॅप आणि नाकारलेले तुकडे यांत पाचवा हिस्सा सहज जातो, म्हणून कापीव माल १९ ते २० घनफूट घ्या. छप्पर यात धरलेलं नाही.

ओंडका विकत घेताना घेराच्या चौथाईचा वर्ग गुणिले लांबी या पद्धतीने मोजतात. ही पद्धत खऱ्या घनफळाच्या सुमारे ७८ टक्केच मोजते, त्यामुळे ओंडका स्वस्त वाटतो. पण साली, सॅप आणि भुसा गेल्यावर हाती काय लागेल हे चिरल्यावरच कळतं. पहिल्यांदा घेणाऱ्याने कापीव माल घ्यावा.

जोडकाम: फट कुठे, किती

झडप रुंदीत किती हलणार हे तिच्या उभ्या पट्ट्यांच्या रुंदीवर ठरतं, आडव्यांच्या लांबीवर नाही. दोन झडपांच्या गाळ्यात तीन-तीन इंचाच्या चार उभ्या पट्ट्या, म्हणजे बारा इंच लाकूड आडवं हलतं. वरच्या हिशोबाने पाच मिलिमीटरच्या आसपास, त्यात खांबांची भर वेगळी. म्हणून महिना बघून फट ठेवा. आखाजीच्या सुमारास बसवत असाल तर दोन्ही कडा आणि मधला सांधा मिळून ८ मिलिमीटर, म्हणजे सुताराच्या भाषेत अडीच सूत. श्रावणात बसवत असाल तर ३ मिलिमीटर, एक सूत, पुरे. मधल्या सांध्याला एकमेकीवर चढणारी खाच ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात फट रुंदावली तरी धूळ सरळ आत येत नाही.

सांधा कुसू (पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ) आणि खाचेचा, आरपार, बाभळीच्या मेखेसह. नुसत्या स्क्रूवर जोडलेली चौकट दोन वर्षांत कोपऱ्यात उघडते. सागाच्या अंगच्या तेलाने फेविकॉलसारखा डिंक धरत नाही, म्हणून जोडायच्या जागा थिनर किंवा ॲसिटोनच्या फडक्याने पुसा आणि अर्ध्या तासाच्या आत चिकटवा. डिंक डी-३ किंवा डी-४ दर्जाचा, पाण्याला टिकणारा. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस ३०४. लोखंडी खिळा सागात आणि त्याहून जास्त ऐन-बाभळीत काळा डाग सोडतो: लाकडातला टॅनिन आणि गंज मिळून शाई तयार होते, ती पुसून जात नाही.

खालच्या आडव्याला बाहेरच्या बाजूने आठास एक उतार आणि तळाला, कडेपासून अर्धा इंच आत, पाव इंचाची सलग खाच, म्हणजे पाणी थेंबाथेंबाने तिथेच तुटतं, भिंतीकडे मागे येत नाही. भिंत आणि लाकूड यांच्यामध्ये डांबरी पट्टी टाका. खांब जमिनीवर येत असेल तर काळ्या दगडाच्या तळखड्यावर, जमिनीपासून सहा इंच वर. जुन्या घरांचे खांब तळखड्यावर उभे आहेत, ते उगाच नाही.

काच शेवटी. सहा मिलिमीटर काचेचं वजन चौरस मीटरला १५ किलो, म्हणजे एका बंद गाळ्याची काच जवळजवळ ३० किलो. ती थेट लाकडावर टेकवू नका; तळाला दोन रबरी ठोकळे, दोन्ही कडांपासून रुंदीच्या चौथ्या भागावर, आणि चहूबाजूंनी एक सूत मोकळी जागा. टफन काच नंतर कापता येत नाही, तेव्हा माप चौकट उभी राहून झाल्यावरच द्या. सीलंट व्हिनेगरच्या वासाचा नको, न्यूट्रल प्रकारचा घ्या. काचपट्टी आतून, स्क्रूवर, म्हणजे काच फुटली तर चौकट न मोडता बदलता येते.

वाळवी

वाळवी, खानदेशात काही ठिकाणी उधई, लाकडाकडे उडत येत नाही, मातीतून नळी बांधत चढते. म्हणून पहिला उपाय पाया भरतानाच, आयएस ६३१३ प्रमाणे मातीवर औषध. बांधलेल्या घरासाठी त्याच मानकाचा तिसरा भाग आहे. दुसरा उपाय म्हणजे भिंतीचा सगळा तळ नजरेस पडेल असा ठेवणं. कुंड्यांची रांग भिंतीला चिकटवून ठेवली की तिच्यामागे नळी कधी चढली कळत नाही.

आतल्या कामात थोडा सॅप येणारच असेल तर तीन किलो टाकणखार आणि दोन किलो बोरिक ॲसिड शंभर लिटर कोमट पाण्यात विरघळवून, रंधलेले तुकडे त्यात बुडवा आणि वाळवा. हे मीठ पावसाने धुऊन जातं, त्यामुळे बाहेरच्या भागाला याचा भरवसा नाही.

तेल आणि पहिलं वर्ष

घरातल्या फर्निचरचं मेलामाइन पॉलिश इथे एका उन्हाळ्यात पापुद्र्यासारखं सुटतं. बाहेरच्या कामासाठी अतिनील किरण अडवणारं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, किंवा मुरणारं तेल. तेल सुटत नाही, फक्त फिकटतं, आणि पुन्हा लावायला खरवडावं लागत नाही, म्हणून नवख्याने तेलच घ्यावं: बसवण्याआधी सहाही बाजूंना दोन हात, टोकांना तीन, मग दरवर्षी होळीच्या आधी एक. गडद रंग टाळा. पश्चिमेची गडद चौकट मेमध्ये हाताला चटका देते आणि सांधे त्याच उष्णतेने उघडतात. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा दोरीवर सुटी पसरून वाळवा.

पहिल्या पावसाळ्यात एखादी झडप घासली तर लगेच रंधा मारायला सांगू नका. चार आठवडे थांबा, ओल स्थिर होऊ द्या, मग घासणाऱ्या जागी खडू लावून तेवढंच काढा आणि उघडी पडलेली कड त्याच दिवशी तेलाने बंद करा. भाद्रपदात घाईने काढलेलं एक सूत आखाजीला दोन सुतांची फट होऊन समोर येतं. सुताराशी व्यवहार ठरवतानाच शेवटचा हप्ता एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटल्यावर द्यायचा, आणि तोवरची झडपांची दुरुस्ती त्याच मजुरीत, हे कागदावर लिहून घ्या.